पहिली सेकंडहँड मॅन्युअल स्पोर्ट्स कार: काय बघू, काय टाळू?

स्वच्छंदी
नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी ऑटोमॅटिकच चालवतेय. मॅन्युअल शिकले होते, पण लायसन्सपुरतंच. आता नवऱ्याने आणि मी मिळून ठरवलंय की एक जुनी, मॅन्युअल, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार घ्यायची. हे स्वप्न फार वर्षांचं आहे.

दोन अटी आहेत. मागे सीट हवीच, मुलगी सात वर्षांची आहे. आणि गाडीचे पैसे चुकते केल्यावर त्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षीच्या कामांसाठी हातात उरायला हवा. बजेट वाढणार नाही. रोजच्या जाण्यायेण्याला दुसरी गाडी आहे.

सध्या डोळ्यासमोर एकच आहे: माझदा आरएक्स-८, २००९ची, सहा गिअरची. घेण्याआधी काय तपासू? घेतल्यावर पहिल्या महिन्यात काय करू?

नऊहजार
ताई, होंडा एस२००० घ्या आणि विषय संपवा. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, आणि सुरुवातीच्या गाड्यांत आरपीएमचा काटा ९००० पर्यंत जातो. सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) दुसरा कॅम लागला की आवाजच बदलतो. गिअरचा दांडा इतका आखूड आहे की मनगटाने गिअर पडतो. मी सहा वर्षं वापरतोय, अजून एकदाही विकावीशी वाटली नाही.

स्वच्छंदी
धन्यवाद, पण एस२००० ला दोनच सीट आहेत ना? आणि ती आमच्या बजेटच्या बरीच वर जाते.

फ्लॅटसिक्स
दोन सीटचीच घ्यायची तर मग पोर्शे बॉक्स्टर का नको? इंजिन मध्ये, वजन दोन्ही ॲक्सलवर नीट वाटलेलं, स्टिअरिंग हातात बोलतं. फक्त सुरुवातीच्या गाड्यांमध्ये इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग बदललंय का ते विचारा. ते गेलं तर इंजिनच जातं. २००९च्या मॉडेलपासून इंजिन नवीन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. म्हणून थोडे पैसे जास्त घालून नंतरचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत.

जुना_ड्रायव्हर
त्यांनी मागे सीट हवी असं लिहिलंय. टोयोटा ८६ किंवा तिचीच जुळी बहीण सुबारू बीआरझेड घ्या. २०१२ पासूनच्या आहेत, मागे लहान मुलाला पुरेल एवढी जागा आहे, इंजिन साधं पिस्टनचं. बजेट थोडं ताणा. गाडी रोज रोज घेत नाही आपण.

तेलकट हात
मी वीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॉडेल कुठलंही असो, आधी कागद बघा. सर्व्हिसची बिलं, ऑइल कधी बदललं, क्लच कधी टाकला. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली पण बिलांची जाड फाइल असलेली गाडी मी केव्हाही घेईन. पन्नास हजारांची आणि एकही कागद नसलेली घेणार नाही.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनच खरं काय ते सांगतं: सेल्फ किती वेळ मारावा लागतो, धूर कुठल्या रंगाचा येतो, खडखड किती वेळ राहते.

क्लच: सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५०च्या आसपास या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर उडाला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट संपत आली. मग गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये ऐका. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबल्यावर गप्प, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आणि ते काम मोठं असतं.

सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी): तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खर्र झालं की दुसऱ्याचा सिंक्रो झिजलाय. स्पोर्ट्स कारमध्ये सगळ्यात आधी तोच जातो.

टायरच्या बाजूवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, दहा वर्षांचं रबर दगड झालेलं असतं.

स्कॅनर लावाल तेव्हा नुसते एरर कोड बघू नका, रेडीनेस मॉनिटरही (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवणारे) बघा. सगळेच अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. का, ते विचारा.

कोपऱ्यातला वाचक
तेलकट हात यांना अनुमोदन. कागद महत्त्वाचे. आणि गाडी थंड असतानाच बघा, गरम करून ठेवलेली गाडी बघू नका.

नऊहजार
गिअर ऑइलचं कुणीच लिहिलं नाही. जीएल-५ टाका. जीएल-४ पेक्षा वरच्या दर्जाचं असतं.

तेलकट हात
तेच तर चुकतं. जीएल-५ आकडा मोठा म्हणून गिअरबॉक्सला चांगलं, असं नसतं. त्यातले गंधक-फॉस्फरसचे घटक डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाच्या) हायपॉइड गिअरसाठी असतात. पितळेच्या सिंक्रोला ते बाधू शकतात, आणि तेल फार निसरडं असेल तर सिंक्रोची पकडही कमी होते. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच टाकायचं.

नऊहजार
मी तीन वर्षं जीएल-५ वापरतोय, काही झालं नाही.

तेलकट हात
आजकाल जीएल-४ आणि जीएल-५ दोन्हीला चालणारी, पितळेला सुरक्षित तेलंही मिळतात. तुमचं तसं असेल. म्हणून सगळ्यांना जीएल-५ सांगू नका.

वळणवाट
मला टायरबद्दल कळकळीने लिहायचंय. माझी पहिली मागच्या चाकांवर चालणारी गाडी मी घेतली तेव्हा चारही टायर बघायला छान होते. ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नव्हतं. पावसात एका उतरत्या वळणावर वेग जास्त वाटला म्हणून मी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि गाडीने जागच्या जागी तोंड फिरवलं. कठड्याला मागचा कोपरा घासला, कुणाला लागलं नाही. नंतर कोड वाचला तर टायर नऊ वर्षांचे निघाले.

तेव्हापासून माझा नियम: एक्झॉस्ट, चाकं, स्प्रिंग, स्टिकर काहीही घेण्याआधी चार चांगले टायर, नवं ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलाच. आणि वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, आत गेल्यावर नाही.

जुना_ड्रायव्हर
आमच्या वेळी ना एबीएस होतं ना ईएससी, तरी आम्ही चालवल्याच. या इलेक्ट्रॉनिक्सने हाताला सवयच लागत नाही. ताईंनी ते बंद करूनच शिकावं.

वळणवाट
पूर्ण असहमत. गाडीत ईएससी असेल तर रस्त्यावर ते चालूच राहू द्या. मागे सात वर्षांचं मूल बसणार आहे.

मुक्ता_के
स्वच्छंदी, मीही ऑटोमॅटिकवरून मॅन्युअलवर आले, तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं ते लिहिते. पहिल्या दिवशी मोकळ्या सपाट जागी ॲक्सिलरेटरला हातसुद्धा... म्हणजे पायसुद्धा लावू नकोस. नुसता क्लच सोडत सोडत गाडी हलवायची. टाचेखाली तो क्षण कळायला लागतो: इंजिनचा आवाज किंचित खाली येतो, बॉनेटचं नाक एक बोटभर उचलल्यासारखं होतं. तोच क्लच धरण्याचा बिंदू. पन्नास वेळा केलंस की पाय लक्षात ठेवतो.

चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, हँडब्रेक आहे. सिग्नलला न्यूट्रल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिअर खाली टाकताना घाई नको. पाचव्यातून चौथ्यात जाताना हात चुकून दुसऱ्यात गेला आणि क्लच सोडलास, तर चाकंच इंजिनला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. रेव्ह लिमिटर फक्त इंधन तोडतो, ही फिरवाफिरव त्याला थांबवता येत नाही. दांड्याला मूठ आवळायची नाही, तळहाताने ढकलायचं. सहा गिअरच्या गाडीत तर नक्कीच.

त्रिकोणी
आरएक्स-८ चार वर्षं माझ्याकडे होती, म्हणून लिहितो. फार प्रेमाने ठेवली होती. तरी पहिली मॅन्युअल म्हणून मी ती सुचवणार नाही, कारण तिचे नियम वेगळे आहेत आणि तुम्हाला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतील.

तिचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं. ते तेल खातं, तसंच बनवलंय. ॲपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) ओले राहावेत म्हणून थोडं तेल मुद्दाम आत सोडलं जातं. २००९पासूनच्या गाड्यांत प्रत्येक रोटरला तेलाचे नोझल दोनाचे तीन केले, हे तुमच्या बाजूने. गाडी सुरू करून दोन मिनिटांत, जागची हलवून लगेच बंद करायची नाही, पेट्रोलने प्लग भिजतात. इग्निशन कॉइल थकल्या तर न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरला जाळतं, म्हणून कॉइल, वायर, प्लग एकत्र बदला.

तरी घ्यायचीच असेल तर रोटरीचा कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनातला दाब मोजणं) केल्याशिवाय पैसे देऊ नका. पिस्टनच्या इंजिनाचा साधा गेज चालत नाही, खास टेस्टर लागतो. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, असे सहा आकडे कागदावर मिळाले पाहिजेत आणि ते २५० आरपीएमच्या हिशोबाने लावलेले हवेत. कंपनीची किमान मर्यादा ६८० किलोपास्कल. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. गरम असताना सेल्फ लांबला तर सरळ घरी या.

कोपऱ्यातला वाचक
म्हणजे मालक स्वतःच नको म्हणतोय. ८६ घ्या.

फ्लॅटसिक्स
किंवा बॉक्स्टर.

स्वच्छंदी
तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. आरएक्स-८ घेतली.

सगळे नको म्हणत होते हे माहीत आहे, म्हणून कारण सांगते. ८६ घेतली असती तर हातात काहीच उरत नव्हतं, आणि ती अट आम्ही मोडणार नव्हतो. मागच्या सीटवर मुलीला खरोखर बसवून बघितलं. मागचा छोटा दरवाजा उलटा उघडतो, त्यामुळे ती स्वतः आत शिरली आणि पट्टाही स्वतः लावला.

पहिल्या खेपेला बॉनेट गरम लागलं. तेलकट हात यांचं ऐकून परत फिरले. दुसऱ्या खेपेला थंड होती. टेस्टरचे आकडे: पुढचा रोटर ७५०, ७४०, ७४०; मागचा ७२०, ७१०, ७२०. गरम केल्यावर दहा मिनिटं थांबून चावी फिरवली, दीड सेकंदात लागली. बिलं होती, कॉइल मागच्याच वर्षी बदललेल्या. टायर मात्र आठ वर्षांचे निघाले, ते पहिल्याच दिवशी बदलले. राखून ठेवलेल्यातला बराच भाग टायर, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइलमध्ये गेला. एक्झॉस्टला हात लावलेला नाही.

मुक्ता, पहिल्या रविवारी ॲक्सिलरेटर न लावता गाडी हलवत होते. तू म्हणालीस ते नाक उचलणं साधारण तिसाव्या वेळी कळलं.

त्रिकोणी
आकडे चांगले आहेत. अभिनंदन. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक बघा, सपाट जागी. आणि इंजिन गरम झाल्यावर तिला अधूनमधून वरपर्यंत फिरवा, कार्बन साठू देऊ नका. थंड असताना अजिबात नाही.

स्वच्छंदी
बघतेय, वही केलीय त्यासाठी. एक शंका: सकाळी थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात गिअर थोडा अडतो. खर्र नाही, नुसता जड. दहा मिनिटांनी सुटसुटीत पडतो. काळजीचं आहे का?

तेलकट हात
खर्र नसेल तर सिंक्रो ठीक आहे. थंड तेल जाड असतं. पहिली दहा मिनिटं दांडा न्यूट्रलपाशी क्षणभर टेकवा, मग दुसऱ्यात न्या. जोर लावू नका. महिन्याभराने परत कळवा.