वेल्समधली छोटी जुनी रेल्वे: एका दिवसात कोणती बघावी?

मृण्मयी_बी: आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. सासरे मध्य रेल्वेतून निवृत्त झालेत, पुढच्या महिन्यात येतायत. बड्या कंपन्यांचा इतिहास त्यांना पाठ आहे. एकोणिसाव्या शतकातली एखादी लहानशी कंपनी दाखवायची आहे. सुचवाल का?

खडीवाला: डोळे झाकून टॅलिलिन. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) मँचेस्टरला कापूस मिळेना. त्या टंचाईत कापूस विकून आलेल्या पैशावर आपली मुंबई शेअरबाजाराच्या नादी लागली होती, तेव्हा मँचेस्टरचे मॅककॉनेल हे गिरणीमालक वेल्सच्या डोंगरातल्या स्लेटच्या खाणीकडे वळले. छपरांसाठी लागणारी ही स्लेट टाउइन गावापर्यंत उतरवायला त्यांनी सव्वादोन फुटी रूळ टाकले. १८६५ला या रेल्वेसाठी संसदेचा कायदा, १८६६ला प्रवासी गाडी.

सासऱ्यांना दरवाजे नक्की दाखवा. सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीला आले, तर पुलांखाली डब्याच्या दोन्ही बाजूंना जागा अपुरी! पूल पाडणं परवडणारं नव्हतं. मग एका बाजूचे दरवाजे कायमचे बंद केले आणि पुलांखालचे रूळ त्याच बाजूला सरकवले, म्हणजे दुसरीकडे पुरेशी जागा झाली. आजही सगळे फलाट एकाच बाजूला आहेत. रेल्वेत हयात घालवलेल्या माणसाला याची खरी गंमत कळेल.

घाटवळण: फेस्टिनिऑगचाही विचार करा. ती १८३६ची. भरलेल्या वाघिणी (मालडबे) नुसत्या उतारावरून खाली यायच्या, घोडेही वाघिणीत बसून उतरायचे आणि रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायचे.

खडीवाला: फेस्टिनिऑग सुंदरच आहे, पण एकच दिवस असेल तर माझं मत टॅलिलिनलाच. १९४६च्या शेवटी खाण बंद पडली. मालक हेन्री हेडन जोन्स यांनी तरीही पदरमोड करून गाडी चालू ठेवली. १९५० साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडलं. १८६०च्या दशकातली पहिली दोन्ही इंजिनं अजून तिथेच आहेत. सासऱ्यांना त्या स्वयंसेवकांशी बोलू द्या, मनापासून सांगतात.

मृण्मयी_बी: टॅलिलिन ठरलं! सासऱ्यांचे गुडघे दुखतात, चालणं किती?

खडीवाला: बर्मिंगहॅमहून थेट गाडी टाउइनला जाते. तिथून टॅलिलिनचं व्हार्फ स्टेशन अगदी जवळ, अरुंद रुळांचं संग्रहालयही त्याच आवारात. परतीची गाडी मात्र आधी बघून ठेवा, त्या मार्गावर गाड्या थोड्याच असतात.