मदत हवी आहे: वय 56, वाणिज्य शाखा, इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात टाकीच्या अलार्मपासून करू का?

घणसोली_56: नमस्कार मंडळी. माझं विज्ञान दहावीपर्यंतचं. आता रोज तासभर देऊन इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडं प्रोग्रॅमिंग नीट शिकायचं आहे. आमच्या चार मजली इमारतीत पंप हाताने चालू-बंद करतात, त्यामुळे गच्चीवरची टाकी भरून वाहते. टाकी भरली की खाली बझर वाजावा, हे पहिलं काम म्हणून डोक्यात आहे. आधी सी भाषेचं पुस्तक संपवू की सर्किटपासून सुरू करू? आणि 37 सेन्सरचा किट घ्यावा का?

सोल्डर_ठाणे: ताई, कामाची निवड उत्तम आहे. किट घेऊ नका, त्यातले तीस सेन्सर डब्यातच राहतात. पुस्तक आधी संपवायचीही गरज नाही. या कामापुरती भाषा फार थोडी लागते: पिन (बोर्डावरचं तार जोडायचं टोक) वाचणं, पिन चालू-बंद करणं, जर-तर आणि वेळ मोजणं.

पहिला आठवडा काहीच विकत घेऊ नका. टिंकरकॅड, म्हणजे पडद्यावर सर्किट जोडून चालवून पाहायची साइट, ब्राउझरमध्ये फुकट चालतं. तिथे अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड), एलईडी आणि बटण जोडून पाहा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर अर्डुइनोची मालिका आहे. व्हिडिओ थांबवून तीच पायरी स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग खरेदी: उनो बोर्ड, डेटा जाणारी यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पाटी), जंपर तारा, एलईडी, 330 ओम, 1 किलोओम आणि 4.7 किलोओमचे रेझिस्टर, बीसी547 ट्रान्झिस्टर, 0.1 मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, 5 व्होल्टचा अॅक्टिव्ह बझर (वीज दिली की आपोआप वाजणारा) आणि साधा मल्टिमीटर (व्होल्ट, ओम मोजणारा). मल्टिमीटर मात्र वगळू नका, शिकण्यातला अर्धा भाग तोच आहे. लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, पूर्वेकडे बाहेर पडा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

एलईडीचं गणित एकदा हाताने करा. बोर्डाचे 5 व्होल्ट, लाल एलईडीवर साधारण 2 पडतात, उरले 3. ते भागिले 330 ओम, म्हणजे 9 मिलिअँपिअर. उनोच्या पिनमधून 20 च्या वर घेऊ नये, 40 ही कमाल मर्यादा आहे. बझरला 30 च्या आसपास लागतात, म्हणून तो थेट पिनला न जोडता बीसी547 मार्फत चालवायचा. पिनपासून ट्रान्झिस्टरच्या बेस या पायापर्यंत 1 किलोओम (तपकिरी, काळा, लाल). ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

गच्ची_ते_तळमजला: टाकीसाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या) सेन्सरच्या नादी लागू नका. साधा एचसी-एसआर04 ओलाव्याला टिकत नाही, बंद टाकीत त्याच्या तोंडावर वाफ धरते. पाण्यात दोन तारा सोडण्याची युक्तीही टाळा. त्यांतून सतत डीसी गेला की विद्युत-अपघटनाने एक तार झिजते. फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) घ्या, आत चुंबक आणि चुंबकाने चालणारा रीड स्विच असतो. ओव्हरफ्लो पाइपच्या चार बोटं खाली राहील असा बसवा.

जोडणी अशी करा की टाकी रिकामी असताना स्विच मिटलेला (दोन्ही तारा जुळलेल्या) आणि भरली की उघडा (तारा सुटलेल्या). या छोट्या फ्लोटमध्ये तरंगणारा भाग उलटा घातला की हा क्रम बदलतो. फायदा असा की केबल उंदराने कुरतडली, तरी बझर वाजतो आणि बिघाड लगेच कळतो. उलट जोडलं तर तुटलेली तार गप्प बसते आणि टाकी वाहते.

वीस मीटर तारेचा रोध जेमतेम काही ओम, त्याची काळजी नको. अडचण तारेत शिरणाऱ्या गोंगाटाची असते. पिनचा आतला पुलअप (पिनला 5 व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) 20 ते 50 किलोओमचा, लांब तारेला तो दुबळा पडतो. 5 व्होल्ट आणि तार यांच्यामध्ये बाहेरून 4.7 किलोओम (पिवळा, जांभळा, लाल) लावा, तारेपासून पिनपर्यंत 1 किलोओम, आणि पिन ते ग्राउंड (बोर्डाची 0 व्होल्टची पिन) 0.1 मायक्रोफॅरड. फ्लोटची दुसरी तार ग्राउंडलाच.

घणसोली_56: खूप आभार. टिंकरकॅडवर जमलं. पण खऱ्या बोर्डावर प्रोग्रॅम चढतच नाही, पोर्टच्या यादीत बोर्ड दिसत नाही. शिवाय सिम्युलेशनमध्ये फ्लोटऐवजी ठेवलेलं बटण थोडं हललं की बझर तुटक वाजतो.

सोल्डर_ठाणे: आधी केबल बदला. मोबाइलच्या काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, बोर्डावरचा दिवा लागतो पण डेटा जात नाही. तरीही दिसला नाही, तर यूएसबी सॉकेटजवळची चिप पाहा. सीएच340 असेल तर संगणकावर तिचा ड्रायव्हर (ती चिप ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) टाका. आणि काही लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात, त्यामुळे अर्ध्या भागाला वीजच मिळत नाही. मल्टिमीटरच्या बीपने तपासा.

तुटक आवाजावर उपाय प्रोग्रॅममध्ये आहे. पाणी हिंदकळतं, फ्लोट वर-खाली होतो. स्विच सलग 5 सेकंद उघडा राहिला तरच बझर वाजवा. त्यासाठी डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी आज्ञा) नको, तेवढा वेळ बोर्ड दुसरं काहीच करत नाही. मिलिसने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वेळ मोजा आणि ती अनसाइन्ड लाँग या मोठे आकडे मावणाऱ्या प्रकारात ठेवा. इंट या छोट्या प्रकारात ठेवली तर उनोवर 32,767 मिलिसेकंदांनंतर, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटातच, गणित बिघडतं. चूक पटकन सापडत नाही, कारण सुरुवातीला सगळं नीट चालतं.

गच्ची_ते_तळमजला: बोर्ड तळमजल्यावर 5 व्होल्टच्या अॅडॉप्टरवर ठेवा, गच्चीवर फक्त फ्लोट आणि तार. तार इमारतीच्या तडितरोधकाच्या (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या) पट्टीपासून दूर न्या. पंप आपोआप बंद करण्याचा मोह होईल, पण पंपाच्या स्टार्टरमध्ये (चालू-बंद करायच्या पेटीत) 230 किंवा 415 व्होल्ट असतात. ते काम परवानाधारक वायरमनचं. तुम्ही बझरपर्यंतच थांबा. पुढच्या वेळी फोटो टाकताना ब्रेडबोर्ड वरून सरळ टिपा, तारांचे रंग दिसले की चूक शोधणं सोपं जातं.