एचपीव्ही लसीकरण : कमी उत्पन्नाच्या देशांत राष्ट्रीय मोहिमा खरोखर यशस्वी झाल्या का?

प्रश्न (शिक्षिका, वाळपई)
आमच्या शाळेतील सातवी-आठवीच्या मुलींचे पालक गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील, म्हणजे तो घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूविरुद्धच्या, लशीबद्दल विचारतात. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस पूर्ण घेतलेल्या मुलींत पुढे या कर्करोगाचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही, असे मी वाचले आहे. पण जिथे दवाखाना लांब आणि सरकारकडे पैसा कमी, अशा देशांचा अनुभव काय आहे? आमच्या सत्तरी तालुक्यातल्या पालकांना तोच अधिक जवळचा वाटेल.

उत्तर (निवृत्त आरोग्य अधिकारी, फोंडा)
बाई, या बाबतीत गरीब देशांनी श्रीमंतांना मागे टाकले आहे. रवांडाने 2011 मध्ये देशभर लसीकरण सुरू केले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींना लस दिली. त्या दिवशी शाळेत न आलेल्या किंवा शाळाच सुटलेल्या मुलींना गावातील आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन शोधले. याउलट जपानने 2013 मध्ये लशीची शिफारस थांबवली आणि सुमारे सत्तर टक्क्यांवर असलेले प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेले.

मला सर्वांत बोलका वाटतो तो भूतानचा अनुभव. तिथे 2010 मध्ये लस शाळांतून दिली गेली तेव्हा प्रतिसाद भरघोस होता. पुढे ती आरोग्य केंद्रांत देऊ लागताच तो बराच घसरला, आणि 2014 मध्ये पुन्हा शाळांतून सुरू केल्यावर सावरला. लस तीच होती आणि पालकही तेच होते. आपल्याकडे सिक्कीमने 2018 मध्ये शाळांच्याच आधारे सुमारे 97 टक्के मुलींपर्यंत पहिली मात्रा पोहोचवली.

उत्तर (पालक, मडगाव)
शाळांचे महत्त्व मान्य आहे, पण संमतीचा मुद्दा सुटू नये. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील याच लशीचा प्रकल्प 2010 मध्ये थांबवावा लागला. तेथील सात मुलींचे मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत दिसले नाही. परंतु अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतिपत्रावर सही केली होती, आणि तो दोष गंभीरच होता. म्हणून बाई, तुम्ही माहिती अवश्य द्या, मात्र सही आईवडिलांचीच घ्या, आणि त्याआधी त्यांच्या शंका त्यांच्या भाषेत ऐकून घ्या; परराज्यांतून आलेल्या मजूर कुटुंबांसाठी हे विशेष गरजेचे आहे.

शिक्षिका, वाळपई
आभारी आहे. रवांडा किंवा भूतानमध्ये प्रत्यक्ष कर्करोग कमी झाला का? आणि एक मात्रा पुरते का?

निवृत्त आरोग्य अधिकारी, फोंडा
विषाणूच्या संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात, त्यामुळे कर्करोगाचे आकडे उशिराच येणार. लस विषाणूच्या ज्या प्रकारांविरुद्ध आहे त्यांचा संसर्ग मात्र दोन्ही देशांतील तरुणींत स्पष्टपणे घटला आहे, आणि त्यांतील 16 व 18 हे दोन प्रकारच सुमारे सत्तर टक्के रुग्णांमागे असतात. एका मात्रेचा भक्कम पुरावा भारतातूनच आला : 2010 मध्ये चाचण्या थांबल्याने ज्या मुलींना एकच मात्रा मिळाली, त्यांनाही या दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे 95 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एक मात्रा पुरेशी मानली, त्यामुळे खर्च आणि शाळेतील फेऱ्या दोन्ही कमी झाल्या.

पालकसभेत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. मुलीला दिलेली लस तिच्या आईला वाचवत नाही. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायलाच हवी.