विषय: डायब्लो कॅन्यन सुरक्षा समितीची बैठक – मंडळातून कोण कोण येणार?

नमस्कार मंडळी,

पिकनिकच्या मेलमध्ये आपल्या मराठी मंडळाच्या सचिवांनी लिहिलं होतं की आणखी काही विषय असेल तर लिस्टवर टाका, म्हणून टाकते आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पोजवळ राहतो. डायब्लो कॅन्यन अणुवीज केंद्रासाठी आखलेल्या आपत्कालीन क्षेत्रात आमचं घर येतं. अपघात झाला तर थायरॉइड वाचवण्यासाठी काउंटीकडून मिळालेल्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, हिंगाच्या डब्यामागे ठेवलेल्या असतात. दर ऑगस्टला भोंग्यांची चाचणी होते. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी तो आवाज ऐकला तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. गॅस बंद करून त्यांनी विचारलं, "आता कुठे जायचं?" चाचणी आहे, असं मी त्यांना सांगितलं. पण खरंच वाजला तर कुठल्या रस्त्याने निघायचं, हे तोवर आमच्या घरात कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

या केंद्रावर देखरेख ठेवायला स्वतंत्र सुरक्षा समिती आहे. केंद्राच्या वीजदराच्या वादात १९८८ मध्ये झालेल्या तडजोडीतून ती आली. तीन तज्ज्ञ सदस्य असतात. एक गव्हर्नर नेमतात, एक राज्याचे ॲटर्नी जनरल आणि एक ऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. समितीच्या बैठका अविला बीचला होतात आणि त्या सर्वांना खुल्या असतात. कोणीही उठून प्रश्न विचारू शकतं आणि प्रश्न, उत्तर दोन्ही नोंदीत राहतात. मी जाते तेव्हा मागच्या खुर्च्यांवर बहुतेक पांढऱ्या केसांच्या बायका दिसतात. त्यातल्या काही जणी पन्नास वर्षांपूर्वीही याच प्रश्नावर बोलत होत्या. आपल्यापैकी कोणी दिसत नाही.

पुढच्या बैठकीला मंडळातून चार-पाच जण यावेत अशी माझी इच्छा आहे. आदल्या रात्री आमच्याकडे राहा, जेवणाची सोय मी करते.

– मी., सॅन लुइस ओबिस्पो

*

मी.ताई,

तुमची तळमळ समजते, पण दोन गोष्टी स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट मंडळाबद्दल. आपण गणपती, दिवाळी, नाटक आणि मुलांची मराठी शाळा यांसाठी एकत्र येतो. राजकारण आणलं की माणसं तुटतात. एका निवडणुकीत ही लिस्ट महिनाभर बंद ठेवावी लागली होती.

दुसरी गोष्ट, माझ्या नोकरीची पहिली वर्षं तारापूरला गेली. रिॲक्टर म्हणजे राक्षस नव्हे. डायब्लोचे दोन संच मिळून सुमारे २,२०० मेगावॉट वीज देतात, राज्यातल्या विजेच्या जवळपास नऊ टक्के, आणि तीही रात्री, वारा पडलेला असताना, धूर न काढता. ऑगस्ट २०२० मध्ये संध्याकाळी वीज गेली होती ती आठवा. उष्णतेची लाट होती, सूर्य मावळला आणि पुरवठा कमी पडला. केंद्र बंद पाडा म्हणणाऱ्यांनी त्या संध्याकाळचंही उत्तर द्यायला हवं.

– काका, फ्रीमाँट

*

काका, नमस्कार.

मधे बोलते. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, माडबनपासून फार लांब नाही. तिथल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाची तेव्हाची आकडेवारी इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल: प्रत्येकी १,६५० मेगावॉटचे सहा संच, एकूण ९,९०० मेगावॉट, पाच गावांची मिळून ९३८ हेक्टर जमीन. मे २०१० मध्ये माडबनला जनसुनावणी झाली. पर्यावरण अहवाल नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेला. तो मराठीतून आणि वेळेवर हातात पडला नाही, ही गावकऱ्यांची मुख्य तक्रार होती. हजारभर पानांचं बाड, त्यात समुद्राचं पाणी किती तापणार ते कुठेतरी लिहिलेलं, आणि ज्यांची जाळी त्या पाण्यात पडणार त्यांना ते वाचायची सोय नाही. तरी सुनावणी झाली असं कागदावर लागलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाला जेमतेम महिना झालेला असताना, जवळच्या साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. माझ्या मामाच्या घरातून त्या दिवसांत फोनवर कोणी मोठ्याने बोलत नसे.

डायब्लोसुद्धा समुद्राचंच पाणी ओढतं. दिवसाला अडीच अब्ज गॅलन. तापलेलं पाणी पुन्हा खाडीत सोडतात. साखरी नाट्याच्या कोळ्यांनी हाच प्रश्न विचारला होता. इथे तो विचारायला माइक ठेवलेला आहे, खुर्ची आहे, उत्तर लिहून घेणारा माणूस आहे. गावाला जे मिळालं नाही ते मला इथे फुकट मिळतंय आणि मी आजवर तिकडे फिरकलेच नाही, याचं मला फार वाटतं. मी येणार.

– वै., सॅक्रामेंटो

*

सर्वांना नमस्कार. एक व्यावहारिक शंका. मी एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डची फाइल अडकलेली आहे. अशा बैठकीत बोललो तर काही अडचण येईल का? घरी बायको म्हणते की उगाच नाव कुठे यायला नको.

– नि., मिलपिटास

*

प्रिय काका, वै.ताई, नि.,

आधी नि.ला उत्तर. तिथे बोलायला नागरिकत्व विचारत नाहीत. प्रश्न लेखी पाठवता येतो, नुसतं बसून ऐकताही येतं. तरीही घरात काळजी वाटत असेल तर बोलू नकोस. ऐकायला ये, परतताना गाडीत आम्हाला तुझे प्रश्न सांग, ते मी विचारीन.

आता काका, तुमच्या मुद्द्याला. त्या पांढऱ्या केसांच्या बायका कोण आहेत ते सांगायला हवं, कारण त्यांचं काम ठाऊक नसेल तर आपण त्यांना 'बंद करा' म्हणणाऱ्यांच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

त्यांच्या संघटनेचं नाव मदर्स फॉर पीस. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध सॅन लुइस ओबिस्पोतल्या आयांनी ती सुरू केली. तेव्हा डायब्लोचं बांधकाम चालू झालेलं होतं. १९७३ मध्ये त्यांनी परवान्याच्या प्रक्रियेत रीतसर पक्षकार म्हणून नाव घातलं. त्यांच्यात कोणी अणुशास्त्रज्ञ नव्हतं. केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर समुद्रात होस्ग्री नावाचा भूस्तरभंग आहे. तेल कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञांना तो सापडला आणि १९७१ मध्ये त्यावर लेख छापून आला. परवानगी देताना तो हिशेबात नव्हता. या बायकांनी तो हिशेबात धरायला लावला आणि केंद्राच्या कितीतरी भागांना नव्याने बळकटी द्यावी लागली.

मग १९८१ चा सप्टेंबर. दोन आठवडे लोकांनी फाटकासमोर ठिय्या दिला, सुमारे १,९०० जणांना अटक झाली. ठिय्या उठला आणि त्याच सुमारास केंद्राच्या मालक पीजी अँड ई कंपनीतल्याच एका तरुण इंजिनिअरच्या लक्षात आलं की भूकंपाच्या आधारांसाठी चुकीचा आराखडा वापरला गेलाय. दोन्ही संच आरशातल्या प्रतिमेसारखे उलटसुलट बांधलेले, आणि एकाचा नकाशा दुसऱ्याला लागलेला. नोव्हेंबरमध्ये अणु नियामक आयोगाने परवाना स्थगित केला. काका, नकाशा उलटा लागला होता हे हजारो पानं, शेकडो इंजिनिअर आणि सरकारी शिक्का यांच्या नजरेतून सुटलं होतं. तुम्ही आयुष्यभर ड्रॉइंग वाचलीत, असं कसं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल. दुरुस्त्या आणि फेरतपासण्यांत खर्च साडेपाच अब्ज डॉलरच्या वर गेला आणि संच १९८५ व १९८६ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले.

पुढे वापरलेलं इंधन केंद्राच्या आवारातच कोरड्या पिंपांत ठेवायचं ठरलं. देशात ते कायमचं न्यायला जागा नाही, नेवाडात त्यासाठी आखलेलं युक्का माउंटन रेंगाळलं ते रेंगाळलंच. या बायकांनी विचारलं, त्या पिंपांवर कोणी हल्ला केला तर काय होईल याचा पर्यावरण अहवालात विचार का नाही? आयोगाने तो मुद्दा फेटाळला. त्या कोर्टात गेल्या आणि २००६ मध्ये नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला की ही शक्यता सरसकट बाजूला सारता येणार नाही. तेव्हा अनेकांना हे अती वाटलं होतं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या अणुकेंद्रात रशियाचं सैन्य घुसलं. युद्धाविरुद्ध सुरू झालेली संघटना अणुकेंद्राकडे का वळली, हे तेव्हापासून मला कोणाला समजावावं लागत नाही.

२०२५ पर्यंत केंद्र बंद करायचा करार २०१६ मध्ये झाला होता. २०२२ मध्ये सिनेट बिल ८४६ हा राज्याचा कायदा आला आणि मुदत २०३० पर्यंत वाढली, राज्याने १.४ अब्ज डॉलरचं कर्जही मंजूर केलं. वाढीव मुदतीचा खर्च फक्त उत्तरेकडच्या ग्राहकांवर नाही. लॉस एंजेलिस, सॅन डिएगोकडच्या मोठ्या खासगी वीज कंपन्यांच्या ग्राहकांच्या बिलातही तो येतो. म्हणजे या लिस्टवरचे बहुतेक सगळे पैसे भरतायत. केंद्र चालावं असं मत असलं तरी भरलेल्या पैशाचा हिशेब मागायला काय हरकत आहे?

मला विचारायचं आहे ते पहिल्या संचाच्या रिॲक्टर पात्राबद्दल. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद ठिसूळ होत जातं, म्हणून त्याच पोलादाचे नमुने आत ठेवून ठरावीक काळाने काढून तपासायचे असतात. ती तपासणी फार वर्षं लांबली, या कारणावरून मदर्स फॉर पीस आणि आणखी एका संस्थेने २०२३ मध्ये आयोगाकडे अर्ज केला होता. मला भांडायचं नाही. नमुना कधी निघाला, आकडा काय आला आणि त्यावर समितीच्या तज्ज्ञांचं मत काय, एवढं मला माझ्या कानांनी ऐकायचंय.

– मी.

*

कार्यकारिणीतर्फे:

काकांनी काढलेला मुद्दा आम्ही पाहिला. आपलं मंडळ ५०१ (सी) (३), म्हणजे ना-नफा संस्थांना करसवलत देणाऱ्या कलमाखाली नोंदलेलं आहे. उमेदवाराचा किंवा पक्षाचा प्रचार आपल्याला पूर्ण बंद आहे. सार्वजनिक बैठकीची माहिती देणं, सभासदांनी तिथे जाऊन ऐकणं यात काही गैर नाही. मात्र तिथे कोणीही 'मंडळातर्फे' बोलू नये, स्वतःच्या नावाने बोलावं. मंडळ डायब्लोच्या बाजूने किंवा विरुद्ध ठराव करणार नाही. या विषयावर लिस्टवर चर्चा चालू ठेवायला हरकत नाही, व्यक्तीवर घसरू नये.

बैठकीची तारीख आणि विषयपत्रिका समितीच्या संकेतस्थळावर येते. ती आली की इथे टाकू. गाड्यांची जुळवाजुळव वै.ताई करणार आहेत, फ्रीमाँट आणि सॅन होजेहून येणाऱ्यांनी त्यांना कळवावं.

– सचिव

*

मी.ताई,

माझं मत बदललेलं नाही. केंद्र चालावं. पण नकाशाची गोष्ट मला माहीत होती आणि ती मी माझ्या पत्रात लिहायला हवी होती, कारण ती आमच्या व्यवसायाची गोष्ट आहे. तपासणारा बांधणाऱ्यापासून वेगळा असावा हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात आणि मुदत जवळ आली की सगळ्यात आधी तेच विसरलं जातं.

ठिसूळपणाबद्दल नुसता आकडा विचारू नका. तो दिला की विषय संपला असं होतं. नमुन्याला बसलेला न्यूट्रॉनचा मारा पात्राच्या भिंतीच्या तुलनेत किती पुढे होता, वेल्डचं पोलाद धरलंय की पत्र्याचं, आणि वाढीव वर्षांसाठी अंदाज कुठल्या पद्धतीने काढला, हे विचारा. तीन वेगळे प्रश्न करा, एकात कोंबू नका, नाहीतर सोप्या भागाचं उत्तर मिळतं आणि वेळ संपते. आधीच्या बैठकांचे अहवाल समितीच्या संकेतस्थळावर आहेत. मी पहिल्या संचाचे वाचायला घेतो, नि.ने दुसऱ्याचे घ्यावेत. त्याला बोलायचं नसलं तरी वाचायला कोणाची बंदी नाही.

वै.बाई, गरम पाण्याचा प्रश्न तुम्हीच विचारा. त्यासाठी पाण्याचं तापमान मोजणाऱ्या नोंदी लागतील, त्या राज्याच्या जल मंडळाकडे मागता येतात. कॅलिफोर्नियात सार्वजनिक नोंदी मागायचा कायदा १९६८ पासून आहे. अर्ज कसा करायचा ते मला फोन करा, आपण दोघं मिळून लिहू.

माझ्या गाडीत तीन जागा आहेत. पहाटे निघावं लागेल. रात्री राहायला नको ताई, पण दुपारचं जेवण तुमच्याकडे.

– काका, फ्रीमाँट