इंटरनेट नसताना रास्पबेरी पायचे घड्याळ जीपीएसवर कसे लावावे? (एफटी८ / डब्ल्यूएसपीआर ऐकण्यासाठी)

लघुलहरी

नमस्कार मंडळी. मी प्रसारण करत नाही, फक्त ऐकतो: एफटी८ आणि डब्ल्यूएसपीआर ही हौशी रेडिओची डिजिटल प्रसारणे. ती ठरलेल्या सेकंदालाच सुरू होतात, म्हणून संगणकाचे घड्याळ बरोबर लागते. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर), त्याच्या आधी १२५ मेगाहर्ट्झचा अपकन्व्हर्टर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी तेवढी वर सरकवणारा) आणि एक लांब तार, एवढाच सरंजाम. घरी विजेचा गोंगाट इतका आहे की वीस मीटरवर (१४ मेगाहर्ट्झच्या बँडवर) काही ऐकूच येत नाही, म्हणून सगळे उचलून मोकळ्या जागी नेतो. तिथे बँड शांत मिळतो, पण नेट नाही. आणि नेट नाही म्हणजे घड्याळ नाही.

पाय बंद करताना शेवटची वेळ फाइलीत लिहून ठेवतो आणि परत चालू केला की तिथूनच पुढे मोजायला लागतो. मधले तास गेले कुठे, त्याला पत्ता नसतो. वॉटरफॉलवर (सिग्नलच्या पडद्यावरच्या चित्रात) एफटी८ च्या रेघा ठसठशीत दिसतात आणि डीकोड मात्र एकही होत नाही. मनगटावरच्या घड्याळात बघून हाताने वेळ घातली की थोडे जमते, पण दर वेळी तो खटाटोप नको वाटतो.

एक जुने जीपीएस मॉड्यूल पडून आहे. त्याला चारच पिना आहेत: वीज, ग्राउंड, टीएक्स (पाठवण्याची) आणि आरएक्स (घेण्याची). पीपीएसची, म्हणजे दर सेकंदाला ठोका देणारी पिन नाही. एवढ्यावर भागेल का? पीपीएस नसेल तर वेळ किती बरोबर मिळेल? आणि सॉफ्टवेअर कोणते टाकू?

टिकटिक

सोपा उपाय: डीएस३२३१ चे आरटीसी मॉड्यूल, म्हणजे सेलवर चालणारे घड्याळ लावा. नाण्याएवढा सेल, आय२सीच्या दोन तारा, झाले. त्या चिपची चूक दशलक्षात दोनच्या आत असते, म्हणजे दिवसाला फार तर ०.१७ सेकंद. घरी नेटवर वेळ लावून निघालात तर आठवडाभर चिंता नाही. जीपीएसला आकाश लागते, याला काहीच लागत नाही.

ध्रुवमध्य

आरटीसीला माझा विरोध नाही, उलट दोन्ही असावीत. पण नुसत्या आरटीसीवर विसंबलात की महिन्याभराने पाच सेकंदांपर्यंतची चूक जमलेली असू शकते, आणि तोवर ती लक्षातही येत नाही. बाहेर नेऊन ऐकायचे असेल तर वेळ आकाशातूनच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

लघुलहरी, तुम्हाला मायक्रोसेकंदांची गरज नाही. एफटी८ चा स्लॉट १५ सेकंदांचा, त्यात सिग्नल १२.६४ सेकंदांचा, आणि तो स्लॉट सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदाने निघतो. डीकोडर साधारण अडीच सेकंद मागेपुढे शोधतो. डब्ल्यूएसपीआर सम मिनिट उजाडल्यावर एका सेकंदाने सुरू होतो आणि ११०.६ सेकंद चालतो, तिथेही दोनेक सेकंदांची सूट आहे. बारा हजार किलोमीटरवरून येणाऱ्या लहरीला प्रवासालाच ४० मिलिसेकंद लागतात आणि कोणाचे काही अडत नाही. मायक्रोसेकंद कोणाला लागतात? चार ठिकाणच्या रिसीव्हरवर सिग्नल पोहोचण्याच्या वेळा ताडून प्रसारण कुठून होते आहे हे शोधणाऱ्यांना. तिथे एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. तुमचे काम ते नाही.

तुम्हाला हवा आहे तो बरोबर सेकंद, आणि तोही पहिल्या स्लॉटच्या आधी. बहुतेक ठिकाणी पीपीएसची तार कशी जोडायची यावर पानेच्या पाने असतात आणि नेमके हेच राहून जाते. पाय चालू झाला, डीकोडर आपोआप सुरू झाला, घड्याळ अजून कालच्या वेळेत. मग जीपीएसची वेळ आली, घड्याळाने उडी मारली आणि चालू असलेले रेकॉर्डिंग मधोमध तुटले. हेही एक वेळ चालेल, एक स्लॉट वाया गेला इतकेच. खरे वाईट वेगळे आहे. घड्याळ बरोबर दोन मिनिटांच्या पटीत चुकलेले असेल, चार मिनिटे म्हणा किंवा सहा तास म्हणा, तर डब्ल्यूएसपीआरचे डीकोड अगदी व्यवस्थित होते. कॉलसाइन (स्टेशनचे नाव) दिसते, लोकेटर (त्याच्या जागेचा संकेत) दिसतो, पॉवर दिसते, फक्त नोंदीतली वेळ खोटी असते. ती चूक पडद्यावर कुठेच दिसत नाही. पुढे त्या नोंदींवरून पहाटे बँड कधी उघडला हे कोणी बघायला गेले, तर त्याच्या हाती कचरा लागणार. ऐकणाऱ्याची नोंद हेच त्याचे योगदान असते, म्हणून मी याबाबत कडक आहे.

पायचे घड्याळ लावणारे क्रोनी हे सॉफ्टवेअर टाका. त्याच्याकडे यासाठी ‘वेटसिंक’ नावाची आज्ञा आहे. घड्याळ लागेपर्यंत ती थांबून राहते आणि लागले की पुढे जाऊ देते. डीकोडर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ तीच ठेवा. बाकी काही केले नाहीत तरी एवढे कराच.

आता तुमच्या मॉड्यूलबद्दल. जीपीएसकडून दोन वेगळ्या गोष्टी येतात. सिरियल तारेवरून एनएमईएची वाक्ये येतात आणि त्यांत किती वाजले ते लिहिलेले असते. पीपीएसच्या तारेवर दर सेकंदाला एक ठोका येतो, त्याला किती वाजले ते ठाऊक नसते, पण सेकंद नेमका केव्हा सुरू झाला ते तो अचूक सांगतो. वाक्य नेहमी उशिरा पोहोचते. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे जातात, आणि उपग्रहांची यादी धरून चार-पाचशे अक्षरे असली तर अर्धा सेकंद तिथेच गेला. त्यातून दिसणारे उपग्रह कमी-जास्त झाले की यादीची लांबी बदलते, म्हणून उशीरही डुलत राहतो. मॉड्यूलच्या सेटिंगमधून उपग्रहांची यादी बंद करून फक्त आरएमसी (वेळ-तारीख सांगणारे) वाक्य ठेवले की हा डोल खूप कमी होतो. उरलेला ठरावीक उशीर क्रोनीच्या ‘ऑफसेट’मध्ये लिहायचा. एकदा घरी नेट चालू ठेवून दोन्ही स्रोत शेजारी चालवा, जीपीएसचा स्रोत सरासरी किती मागे पडतो ते क्रोनी स्वतःच दाखवते. तोच आकडा घाला.

एवढ्यावर पीपीएसशिवाय वेळ एक-दोन दशांश सेकंदांच्या आत येते. तुमच्या कामाला ती भरपूर आहे.

जोडणी अशी: मॉड्यूलचा टीएक्स पायच्या १० नंबरच्या पिनेला, ग्राउंड ६ नंबरला. सिरियल पोर्टवर लॉगिनचा कन्सोल चालू असतो, तो पायच्या सेटिंगच्या ‘रास्पी-कॉन्फिग’मधून बंद करा आणि पोर्ट मात्र चालू ठेवा, नाहीतर पाय आणि जीपीएस एकमेकांशी असंबद्ध बोलत बसतील. मग मॉड्यूलची वाक्ये वाचणारे जीपीएसडी टाका आणि त्याला ‘एन’ हा पर्याय द्या. तो नसेल तर कोणी मागितल्याशिवाय जीपीएसडी मॉड्यूलकडे ढुंकूनही पाहत नाही आणि क्रोनी बिचारी वाट बघत राहते. जीपीएसडीकडून क्रोनीला वेळ शेअर्ड मेमरीतून मिळते. क्रोनीच्या सेटिंगमधली ‘मेकस्टेप’ची ओळ राहू द्या, म्हणजे सुरुवातीची मोठी चूक एका उडीत भरून निघेल.

पुढे कधी पीपीएस हवाच झाला तर या चार पिनांच्या बऱ्याच बोर्डांवर तोच ठोका दिव्याला दिलेला असतो. दिव्याच्या रोधकापाशी बारीक तार झाळून ती १२ नंबरच्या पिनेला, म्हणजे जीपीआयओ १८ ला आणता येते. पातळी ३.३ व्होल्टचीच आहे ना, हे मीटर लावून आधी बघा. पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. तेव्हा क्रोनीत वाक्यांचा स्रोत ‘नोसिलेक्ट’ करायचा आणि पीपीएस त्याला ‘लॉक’ करायचा: सेकंदाचा आकडा वाक्यातून, सुरुवात ठोक्यातून.

अँटेनाची सिरॅमिकची बाजू वर आणि आकाश मोकळे. पाय आणि डोंगलपासून ती हातभर तरी लांब ठेवा, या दोघांचा गोंगाट जीपीएसलाही नडतो.

लघुलहरी

ध्रुवमध्य, मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे केले. क्रोनीचे ‘सोर्सेस’ बघितले की जीपीएसच्या ओळीपुढे #* दिसते, म्हणजे तोच स्रोत निवडलेला आहे. वेटसिंकही घातले. एफटी८ आता धो धो येते.

पण दोन गोष्टी कळत नाहीत. पहिली: मॉड्यूलचा दिवा मिनिटाभरात लुकलुकायला लागतो, क्रोनी समाधानी होते, डीकोड सुरू होतात, पण डीटीच्या रकान्यात (सिग्नल अपेक्षित वेळेपेक्षा किती सेकंद मागेपुढे आला ते) सगळीकडे २.१, २.२, १.९ असे आकडे. काहीही न करता दहा-पंधरा मिनिटांनी तेच आकडे ०.१, ०.२ वर येतात. दर वेळी नाही, मॉड्यूल बरेच दिवस बंद राहिले असेल तरच. दुसरी: एफटी८ इतके छान येत असताना डब्ल्यूएसपीआरवर एकही डीकोड नाही. घड्याळ तर तेच आहे.

ध्रुवमध्य

पहिल्या कोड्याचे उत्तर लीप सेकंदांत आहे. फार सुंदर प्रकार आहे हा.

जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० ला यूटीसीबरोबर (जागतिक प्रमाणवेळेबरोबर) सुरू झाली आणि तिच्यात लीप सेकंद कधीच घातले जात नाहीत. यूटीसीत ते, पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखणारे जादा सेकंद, घातले गेले. त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून जीपीएस यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. हा १८ चा आकडा उपग्रह स्वतःच सांगतात, पण तो ज्या संदेशात असतो त्याचे पूर्ण आवर्तन १२.५ मिनिटांचे आहे. तुम्ही नेमके ते पान निघून गेल्यावर मॉड्यूल चालू केलेत तर पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते. तोवर मॉड्यूल काय करते? फर्मवेअर तयार झाले तेव्हा जो आकडा होता तो वजा करते. २०१२ च्या मध्यापासून २०१५ च्या मध्यापर्यंत तो १६ होता. तुमचे मॉड्यूल त्या काळातले दिसते. १८ ऐवजी १६ वजा केले की घड्याळ दोन सेकंद पुढे, आणि घड्याळ पुढे असले की सगळ्यांचे सिग्नल उशिरा आल्यासारखे दिसतात, म्हणून डीटी +२. दिवा लुकलुकतो याचा अर्थ जागा सापडली, सेकंद बरोबर आहे असा नव्हे.

बोर्डवरचा छोटा सेल चांगला असेल तर १८ चा आकडा मॉड्यूलच्या लक्षात राहतो. बरेच दिवस पडून राहिल्यावर तो उतरतो, म्हणून तुम्हाला कधी दिसते, कधी नाही. सेल बदला, नाहीतर तार बांधायला सुरुवात करण्याआधीच जीपीएसला वीज द्या. अँटेना उभी होईपर्यंत पंधरा मिनिटे सहज जातात.

डीटीचा रकाना वाचायची सवय मात्र सोडू नका. एखाद्याच स्टेशनचा डीटी १.५ असेल तर घड्याळ त्याचे चुकले आहे. सगळ्यांचाच एका बाजूला झुकला असेल तर तुमचे.

खरखर

दुसऱ्या प्रश्नाचे मी सांगतो, कारण यात वेळेचा काहीच दोष नाही. फ्रिक्वेन्सी बघा.

एफटी८ ची पट्टी जवळपास तीन किलोहर्ट्झ रुंद, शंभर हर्ट्झ इकडेतिकडे झाले तरी सिग्नल पट्टीतच राहतात. डब्ल्यूएसपीआरची सगळी वस्ती २०० हर्ट्झमध्ये. वीस मीटरवर डायल १४.०९५६ मेगाहर्ट्झवर लावला की सिग्नल १४०० ते १६०० हर्ट्झच्या आवाजात पडायला हवेत.

तुमच्याकडे अपकन्व्हर्टर आहे, म्हणजे डोंगल प्रत्यक्षात १३९.०९५६ वर लागलेला असतो. तिथे दशलक्षात एक चूक म्हणजे १३९ हर्ट्झ. पीपीएमची (दशलक्षात किती याची) दुरुस्ती पूर्ण आकड्यातच घालता येते, म्हणजे नीट मोजूनही ७० हर्ट्झपर्यंत चूक शिल्लक राहू शकते. अपकन्व्हर्टरच्या स्वतःच्या क्रिस्टलची चूक वेगळी, आणि डोंगल तापला की त्याचा क्रिस्टल सरकतो तो आणखी वेगळा. सिग्नल २०० हर्ट्झच्या बाहेर जायला एवढे पुरे.

अर्धा तास सगळे चालू ठेवून तापू द्या. मग १० किंवा १५ मेगाहर्ट्झवर डब्ल्यूडब्ल्यूव्ही किंवा बीपीएम यांपैकी जे वेळेचे प्रसारण ऐकू येईल ते लावा, त्याची वाहक लहर अपेक्षित जागेपासून किती हर्ट्झ दूर आहे ते मोजा आणि तेवढाच फरक डब्ल्यूएसपीआरच्या डायलमध्ये घाला. उन्हात ठेवू नका. दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये क्रिस्टल काही हर्ट्झ सरकला तरी अशक्त सिग्नल हातचे जातात.

लघुलहरी

खरखर, वाहक लहर ११५ हर्ट्झ वर सापडली! डायल तेवढा हलवला आणि पुढच्याच सम मिनिटाला चार डीकोड आले, त्यांतला एक उणे २७ डेसिबलचा. कानाला तिथे काहीही नव्हते.

शेवटची शंका: दिव्यापासून पीपीएसची तार काढली तर तिने ही फ्रिक्वेन्सीची चूकही सुधारेल का?

ध्रुवमध्य

नाही. पीपीएस पायचे घड्याळ सुधारतो, डोंगलचा क्रिस्टल त्याच्या आवाक्यात नाही. त्यासाठी जीपीएसने बांधलेला ऑसिलेटर लागतो आणि डोंगलच्या २८.८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या जागी त्याचा सिग्नल द्यावा लागतो. अपकन्व्हर्टरच्या १२५ लाही तसाच. आधी टीसीएक्सओचा (तापमानाने कमी सरकणाऱ्या क्रिस्टलचा) डोंगल घ्या. उरेल ती चूक मोजून डायलमध्ये घातलीत की ऐकण्याचे काम चालते.