वाइनला कडक नियम, दार्जिलिंग चहाला सौम्य. हा पंक्तिप्रपंच का?

चहाबाज: मालाचं मूळ ठिकाण खोटं सांगू नये, हा नियम ट्रिप्स करारात (जागतिक व्यापार संघटनेचा, म्हणजे डब्ल्यूटीओचा, बौद्धिक संपदेबाबतचा करार) १९९५पासून आहे. पण वाढताना दुजाभाव केलाय. कलम २२ सगळ्या मालाला: ग्राहक फसतोय हे दाखवलंत तरच दाद. कलम २३ फक्त वाइन आणि दारूला: कोणी फसो न फसो, फ्रान्समधल्या बोर्दोचं नाव दुसरीकडच्या वाइनवर 'बोर्दो-टाइप' असंही छापायचं नाही. म्हणजे उद्या 'दार्जिलिंग-स्टाइल चहा, उत्पादन केनिया' असं लिहिणारा अलगद निसटेल. कलम २३ सरसकट लावा, असं भारत डब्ल्यूटीओच्या २००१च्या दोहा बैठकीपासून म्हणतोय. अमेरिका, ऑस्ट्रेलिया ऐकत नाहीत. माझ्या मते मागणी शंभर टक्के रास्त.

घाटावरचा: असहमत. त्या कडक कलमाने काय दिवे लावले? कलम २४मध्ये जुन्या वापराला सूट आहेच. शॅम्पेन हा फ्रान्सचा प्रांत, तरी अमेरिकेत 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' अजून विकतात. २००६ साली युरोपशी वाइनचा करार झाला, त्यातही जुनी लेबलं तशीच राहिली. आधी आपलं वाशी मार्केट बघा. हापूसला २०१८मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसून येतोच. तिथे जिनिव्हातले डब्ल्यूटीओवाले आडवे आलेत का?

बार्देसकार: आमच्या फेणीला २००९मध्ये जीआय मिळाला. ती पडली दारू, त्यामुळे कलम २३ आपसूक लागू. हापूस बिचारा फळ! आंबा आंबवून विकलात तर बघा काही जमतंय का :)

चहाबाज: @घाटावरचा, वाशीतल्या लबाडीसाठी १९९९चा जीआय कायदा आहे. तो वापरत नाही हा आपला आळस. परदेशातल्या दुकानात तो कायदा पोचत नाही, मी त्याबद्दल बोलतोय.

तिरकस: 'पीटर स्कॉट' आठवतेय? इथेच बनणारी व्हिस्की, नाव मात्र थेट स्कॉटलंडची आठवण देणारं. स्कॉचवाले सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले आणि २००८मध्ये हरले. एक तर फार उशिरा आलात, शिवाय असली व्हिस्की घेणारा शिकलासवरलेला असतो, तो फसत नाही, असा निकालाचा सूर होता. मग केनियाचा चहा घेणाराही लेबल वाचतोच की!

चहाबाज: तो ट्रेडमार्कचा वाद, आणि नाव १९६८पासूनचं. पण 'ग्राहक फसतो का' ही कसोटी हवी तशी वाकवता येते, हे त्यातूनच दिसतं. म्हणून तर ती नको म्हणतोय.

घाटावरचा: मग पिझ्झ्यावरच्या देशी 'पार्मेसान' चीजवरही पाणी सोडा, नाव इटलीचं आहे. सरसकट म्हणजे इटलीवाल्यांनाही सरसकट.