गाडीच्या मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम हातोड्याने नको, बोल्टने काढा

मागचे ब्रेक शू बदलताना अडकलेला ड्रम (शूंवरचं गोल लोखंडी झाकण) हँडब्रेक सोडून, हातोडा मारून सैल करा असा सल्ला देतात, त्यातलं हँडब्रेक सोडून ठेवायचं अगदी बरोबर पण हातोड्याच्या नादी लागू नका, बीडाचा ड्रम असतो, कडेला टवका उडतो नाहीतर चीर जाते. होंडा, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ड्रमच्या तोंडावर दोन आटेवाली भोकं असतात, गंजाने बुजलेली म्हणून दिसत नाहीत, ती वायर ब्रशने साफ करून ८ एमएमचे १.२५ पिचचे (दोन आट्यांत १.२५ एमएम अंतर असलेले) दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा अर्धा आटा पिळत गेलं की ड्रम आपसूक सुटतो. (सेंटर नटवाल्या ड्रमला, म्हणजे बेअरिंग आतच असतं त्याला, हे लागू नाही.)

आणि अजून एक, नवे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बसवायच्या आधी व्हील सिलेंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा छोटा सिलेंडर) रबरी बूट दोन्ही बाजूंनी जरा उचलून बघाच. आत ओलं, तेलकट दिसलं तर सिलेंडर गळतोय, तो तसाच ठेवला तर ब्रेक ऑइल नव्या शूवर येऊन लायनिंग (शूवरचा घासणारा थर) वाया जातं आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. आतली काळी धूळ कृपा करून फुंकू नका, छातीत जाते, ब्रेक क्लीनर मारून ओलीच पुसून घ्या.